आर्गॉन हवेतून मिळतो, मग हेलियम का नाही?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी दुधाच्या एसएस (स्टेनलेस स्टीलच्या) टाक्या आर्गॉनच्या आवरणाखाली वेल्डिंग करून जोडल्या आहेत, त्यांना आर्गॉन म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही, आणि मिरजेच्या रुग्णालयांतील एमआरआय यंत्राचे चुंबक द्रव हेलियमने थंड ठेवतात हेही पुष्कळांना माहीत असते. दोन्ही वायू निष्क्रिय, रंगहीन, वासहीन आणि सिलिंडरमधून येणारे आहेत. येथवर गोंधळ नाही. गोंधळ होतो तो दराचे कारण सांगताना. "हवेत आर्गॉन जास्त म्हणून स्वस्त, हेलियम कमी म्हणून महाग" हे उत्तर मी दुकानांत ऐकले आहे आणि वर्गांतही ऐकले आहे. ते ऐकायला पटते, म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते.

आर्गॉनला 'दुर्मीळ वायू' म्हणणे तर सरळ थांबवावे. कोरड्या हवेत तो ०.९३ टक्के, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून अधिक असतो. हेलियम मात्र हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ५.२ भाग आहे. पण त्याच हवेत याच कुळातले निष्क्रिय वायू क्रिप्टॉन १.१ भाग आणि झेनॉन तर ०.०९ भाग आहे. निव्वळ प्रमाणावरच सारे ठरत असते, तर हवेतून आधी हेलियम काढला गेला असता. प्रत्यक्षात क्रिप्टॉन आणि झेनॉन हवेतूनच काढतात, आणि हेलियम जवळजवळ सगळा जमिनीखालच्या नैसर्गिक वायूतून येतो.

याचे उत्तर उत्कलनबिंदूंत आहे. हवा द्रवरूप करून तिचे घटक वेगळे करताना नायट्रोजन उणे १९६, आर्गॉन उणे १८६ आणि ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. आर्गॉन आणि ऑक्सिजन यांत जेमतेम तीन अंशांचे अंतर असल्यामुळे आर्गॉनसाठी वेगळा उंच स्तंभ (उकळण्यातल्या फरकावर वायू वेगळे करणारा मनोरा) लागतो. क्रिप्टॉन उणे १५३ आणि झेनॉन उणे १०८ अंशांचा, त्यामुळे ते स्तंभाच्या तळाच्या द्रव ऑक्सिजनमध्ये साचतात. एक घनमीटर झेनॉनमागे सुमारे १ कोटी १५ लाख घनमीटर हवा लागते, आणि केवळ झेनॉनसाठी एवढी हवा कोणी थंड करणार नाही. पण पोलाद कारखान्यांच्या मोठ्या ऑक्सिजन प्रकल्पांत ती ऑक्सिजनसाठी थंड होतच असते, म्हणून झेनॉन परवडतो. मात्र ऑक्सिजनची मागणी वाढल्याशिवाय झेनॉनचे उत्पादन मनाजोगे वाढवता येत नाही. हेलियम उणे २६९ अंशांपर्यंत द्रव होत नाही, तो निऑनबरोबर वरच्या टोकाला वायूच राहतो. तेथून तो काढता येतो, पण एका घनमीटरमागे सुमारे १ लाख ९० हजार घनमीटर हवा लागते, तर काही विहिरींच्या नैसर्गिक वायूत तो कित्येक टक्के असतो.

आता हवेत हेलियम इतका कमी का, हा मुख्य प्रश्न. दोन्ही वायूंचा जन्म खडकांतच झाला आहे: हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारी ऱ्हासातून आला, आणि पृथ्वीच्या पोटातला हेलियम युरेनियम व थोरियमच्या ऱ्हासातून. आर्गॉनचा अणू ४० भाराचा असल्यामुळे तो वातावरणात साठत गेला. ४ भाराचा हेलियम हळूहळू अवकाशात निसटत राहिला. म्हणून वेल्डिंगच्या वेळी उडून गेलेला आर्गॉन ज्या हवेतून घेतला तिच्यातच परत जातो आणि पुन्हा काढता येतो. फुग्यातून सुटलेला हेलियम हवेत इतका विरळ होतो की तो आपल्या हिशेबाने गेलाच. जमिनीखाली खडकाच्या झाकणाखाली अडकून राहिला तेवढाच आपल्या वाट्याचा.

म्हणूनच आर्गॉनचा दर विजेवर आणि वाहतुकीवर हलतो, तर हेलियमचा दर दूरच्या वायुक्षेत्रांवर. कतारच्या नैसर्गिक वायूत हेलियम फक्त ०.०४ टक्क्यांच्या आसपास असूनही तो देश आघाडीचा पुरवठादार आहे, कारण निर्यातीसाठी मिथेन (नैसर्गिक वायूचा मुख्य घटक) द्रवरूप केल्यावर द्रव न होता उरलेल्या वायूत हेलियम आपोआप एकवटतो. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी सीमा बंद केल्या, तेव्हा तेथील हेलियम प्रकल्प काही काळ थांबले.