अधीनवर्तन व भावनिक क्लेश

वरचढ वाटणाऱ्या व्यक्तीपुढे नजर खाली वळविणे, स्वतःचे मत गिळणे, चूक नसताना क्षमा मागणे अशा वर्तनास मानसशास्त्रात अधीनवर्तन म्हणतात. अवसाद (नैराश्य), लज्जा व सामाजिक भय यांच्याशी त्याचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे.

या विचाराचा उगम बहुधा प्राणिवर्तनाच्या अभ्यासात मानला जातो. नॉर्वेजियन अभ्यासक शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१-२२ च्या सुमारास कोंबड्यांमधील चोचीच्या अधिकारक्रमाचे, म्हणजे कोणी कोणास टोचावे या उतरंडीचे, वर्णन केले आणि पुढील लेखनात पदच्युत पक्ष्यांच्या खचलेपणाचीही नोंद केली. यालाच आरंभ मानणे शक्य असले, तरी मानवी अवसादाचा स्पष्ट सिद्धांत ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन प्राइस यांनी १९६७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडला, म्हणून उगमाचा मान त्यांना देणे अधिक युक्त ठरते. त्यांच्या मते, हरलेल्या प्राण्याने लढा सोडून माघार घेणे ही जीव वाचविणारी यंत्रणा असून अवसादाचे मूळ तिच्यात असावे. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ सेलिगमन व मायर यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून संपादित असहायतेची, म्हणजे अटळ आघात सोसून सुटकेचा प्रयत्नच सोडून देण्याची, कल्पना पुढे आणली. मात्र तीत भर अटळ आघातावर आहे, श्रेणीवर नाही.

अधीनवर्तनाच्या मापनासाठी मानसशास्त्रज्ञ ॲलन व गिल्बर्ट यांची सोळा विधानांची मापनश्रेणी प्रचलित आहे. बस व क्रेक यांच्या १९८६ च्या कार्यावर ती आधारलेली असून प्रत्येक विधानास शून्य ते चार गुण दिले जातात. मात्र गुण अधिक म्हणून क्लेश अधिक, असा सरळ कार्यकारणभाव त्यातून सिद्ध होत नाही. खचलेला माणूसही अधिक नमतो. गिल्बर्ट व ॲलन यांनीच १९९८ मध्ये पराभवाची व कोंडीची भावना स्वतंत्रपणे मोजली आणि निसटण्याची इच्छा असूनही वाट नसणे या अवस्थेचा अवसादाशी निकटचा संबंध दाखविला. मराठीत समजून-उमजून ‘पडते घेणे’ व धास्तीने ‘मान तुकविणे’ असा जो भेद केला जातो, तो येथे महत्त्वाचा आहे: पहिल्याने संघर्ष मिटतो, दुसऱ्यात तो मनात चालूच राहतो. क्लेशाची मुळे या दुसऱ्या प्रकारात शोधणे सयुक्तिक वाटते.

शरीरक्रियेचा पुरावा संमिश्र आहे. केन्यातील बबून वानरांच्या सपोल्स्कीकृत अभ्यासात स्थिर श्रेणीक्रमातील कनिष्ठ नरांत कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी अधिक आढळली. क्रम डळमळीत असता वरिष्ठांवरही ताण दिसला. मार्मोसेट माकडांत मात्र कनिष्ठत्वासोबत अशी वाढ आढळत नाही.