चेन तेलाने तरुण होत नाही

‘सायकलच्या चेनला तेल पाजत राहा, तुटेपर्यंत चालते.’ गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत हा सल्ला ऐकू येतो. तेल हवंच, पण झीज त्याने भरून येत नाही. आणि चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, तेही खरं नाही. चेनचे पत्रे लांबत नाहीत. आतल्या पिना आणि त्यांची भोकं घासतात. प्रत्येक सांध्यात केसभर ढिलाई आली की अख्खी चेन लांब होते.

घरच्या घरी मोजा. स्टीलच्या पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि चोवीस सांधे पुढे जा. नव्या चेनची पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली की गिअरच्या सायकलीची चेन बदला. १/८ इंच गेली तर बहुधा फ्रीव्हीलही (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) गेलं, नवी चेन त्यावर दात सोडते. दिवाडीच्या फेरीवर जाणारी माझी सायकल मी असंच एकदा उशिरा मोजली. दोन्ही बदलावं लागलं!

आपल्याकडे लाल माती आणि खारा वारा. वरून ओतलेल्या खोबरेलात ही धूळ चिकटून काळी घासणारी पेस्ट होते (खोबरेल भाजीत शोभतं). आधी चेन फडक्याने पुसायची, मग चेनचंच तेल प्रत्येक रोलरवर (पिनेभोवतीच्या छोट्या नळीवर) एकेक थेंब, पेडल उलटं फिरवत, आणि वरचं पुन्हा पुसून काढायचं. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी.