अंबरनाथचे शिवमंदिर

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ शहराच्या पूर्व भागात, वालधुनी नदीकाठी असलेले उत्तर कोकणच्या शिलाहार राजघराण्याच्या काळातील शिवालय. महाराष्ट्रातील भूमिज या शिखरशैलीच्या मंदिरांपैकी निश्चित काळ सांगता येईल असे हे एक जुने उदाहरण असून ते राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे.

मंदिराचा काळ उत्तरेकडील दाराच्या तुळईवरील शिलालेखावर अवलंबून आहे. अक्षरे झिजल्यामुळे त्याच्या वाचनात मतभेद झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके 782 (इ.स. 860) असे वाचले होते, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते शके 982 (इ.स. 1060) असल्याचे दाखवले. लेखात महामंडलेश्वर (मांडलिक राजाचे बिरुद) मम्वाणी ऊर्फ मुम्मुणी याचे नाव आहे आणि हा राजा अकराव्या शतकाच्या मध्यातला असल्याने दुसरे वाचन आता सर्वमान्य झाले आहे. उरतो तो अर्थाचा प्रश्न. लेखात मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याच्या ‘भवना’चा उल्लेख येतो. भवन म्हणजे राजवाडा असे काहींनी मानले. छित्तराजाच्या वेळी सुरू झालेले देवालय मुम्मुणीने पुरे केले, असा अर्थ इतरांनी लावला. लेख देवळाच्याच दारावर कोरलेला असल्याने दुसरा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. मात्र त्यावरून छित्तराजाने काम नेमके केव्हा सुरू केले हे ठरत नाही.

मंदिर काळ्या बेसाल्टचे व पश्चिमाभिमुख आहे. गर्भगृह व मंडप हे दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा लागेल असे कर्णरेषेत मांडले आहेत. त्यामुळे बाहेरच्या भिंतींना असंख्य कोन पडतात व छायाप्रकाशाचा खेळ दिवसभर बदलत राहतो. मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंना अर्धमंडप (प्रवेशाचे छोटे मंडप) आहेत. मध्यभागी चार नक्षीदार खांब व त्यांवर वर्तुळाकार थरांचे छत आहे. भूमिज शिखरात चार दिशांना खालपासून वर जाणाऱ्या लता (उभ्या नक्षीदार पट्ट्या) आणि त्यांमधल्या चौथाईत लहान शिखरांच्या आडव्या ओळी असतात. या ओळींना ‘भूमी’ म्हणतात. शैलीचे नाव त्यावरून पडले की ‘भूमीतून उपजलेली’ या अर्थाने, यावर एकमत नाही. शैलीचा उगम माळव्यात, असे मत बरेच प्रचलित आहे. परंतु माळव्यातील उदयपूरच्या (मध्य प्रदेश) उदयेश्वर मंदिराचे काम 1059 च्या सुमारास सुरू होऊन 1080 मध्ये पुरे झाले, हे लक्षात घेता अंबरनाथ त्याच्यानंतरचे ठरत नाही. दोन्ही ठिकाणी ही शैली आधीच परिपक्व दिसते. येथील शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे गाभारा आकाशाला उघडा आहे.

अशा मंदिरांना सर्रास ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री. हे देऊळ त्याच्या सुमारे दोन शतके आधीचे आहे.

1868 मध्ये मुंबईच्या कला विद्यालयातर्फे येथील मोजमापे, रेखाटने व शिल्पांचे साचे घेण्यात आले.

गर्भगृह मंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली असल्याने दर्शनासाठी सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. शिवालयांच्या रूढीप्रमाणे सोमसूत्र (अभिषेकाचे पाणी बाहेर जाण्याची पन्हळ) न ओलांडता अर्धप्रदक्षिणा घालतात. श्रावणी सोमवारी गर्दी होते; महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधले, पण पहाट झाल्याने शिखर अपुरे राहिले, अशी लोककथा आहे.