हॉटेल मॅनेजमेंट म्हणजे ताटं उचलायची डिग्री?

“तीन वर्षं शिकून पोट्टं ताटंच उचलीन, त्यापेक्षा डी.एड. कर म्हणा!” बारावीचा निकाल लागला की आमच्या गावात पारावर हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. अर्धं खरं आहे म्हणूनच ते इतकं टिकलं.

ताटं उचलावी लागतात. कांदे चिरावे लागतात, चादरीही ताणाव्या लागतात. कारण या पदवीत स्वयंपाकघर, वाढप, हाऊसकीपिंग (खोल्यांची साफसफाई) आणि फ्रंट ऑफिस (स्वागतकक्ष) ही चारही खाती हाताने शिकवतात आणि काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात पाठवतात. पण सोबत हिशेब, खाद्यखर्च, अन्नसुरक्षा, माणसं सांभाळणं हेही असतंच. दादरची सरकारी संस्था १९५४ पासून हेच शिकवते आहे. तिथला प्रवेश राष्ट्रीय परीक्षेतून होतो, डोनेशनवर नाही.

उलटी थापही तितकीच जुनी आहे: “डिग्री घेतली की मॅनेजर!” असं कोणी ताडोबाच्या वेशीवरल्या मोहर्लीच्या रिसॉर्टकडे बोट दाखवून सांगितलं तर हसून सोडा. सुरुवात खालूनच होते, पगार बेताचा असतो, आणि दिवाळीला सुट्टी नसते. उलट तेव्हाच ताडोबा, चिखलदऱ्याला गर्दी उसळते.

मग घ्यावी का? शेत गहाण टाकून, प्लेसमेंटच्या पोस्टरवर भुलून, मुळीच नाही. नुसता स्वयंपाकच आवडत असेल, तर दहावीनंतरचा दीड वर्षाचा फूड प्रॉडक्शनचा कोर्स पुरतो. खासगी कॉलेज पाहायला गेलात तर आधी त्याचं स्वयंपाकघर बघा. चुली थंड असतील तर एस.टी. पकडून परत या, बापा.