जुन्या लाकूडवस्तीतील जमीन घेण्यापूर्वी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर पामरस्टन नॉर्थ, फील्डिंग, डॅनेवर्क आणि नॉर्सवुड या पट्ट्यात घर किंवा शेतजमीन पाहणारे मराठी ग्राहक आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बहुधा घराचे फोटो असतात. आम्ही मात्र आधी जमिनीचा जुना मोजणी नकाशा मागवतो. आमची पेढी लहान आहे. आम्ही वकील नाही आणि दलालही नाही. जमिनीच्या जुन्या नोंदी वाचून त्यांचा अर्थ ग्राहकाला त्याच्या भाषेत सांगणे एवढेच आमचे काम आहे. हा पट्टा दीडशे वर्षांपूर्वी घनदाट जंगल होता आणि झाडे तुटण्याआधीच त्याचे कागदावर तुकडे पाडून ते विकले गेले होते. आज आपण जो तुकडा घेणार आहात त्याची रुंदी, त्याचा रस्ता आणि काही वेळा त्यातील अडचणसुद्धा तेव्हाच ठरून गेलेली असते, म्हणून त्या विक्रीची पद्धत समजून घेणे उपयोगाचे ठरते.

सरकारने ही जमीन मूळ रहिवासी माओरी लोकांकडून घेतली. पामरस्टन नॉर्थ ज्या ‘ते आहु अ तुरांगा’ नावाच्या पट्ट्यात वसले, तो सुमारे अडीच लाख एकरांचा पट्टा रंगिताने जमातीकडून १८६४ मध्ये १२,००० पौंडांना विकत घेतला गेला, म्हणजे एकराला एक शिलिंगही पडला नाही. एका पौंडात वीस शिलिंग असत. डोंगरापलीकडच्या ‘सेव्हन्टी माइल बुश’ या दाट जंगलात पुढे जे वसाहतवाले आले, त्यांना एकराला एक पौंड हा दर लावला गेला. हे पट्टे वेगळे आणि मधल्या काळात मोजणी व रस्ते यांवर खर्चही झाला, हे खरे असले तरी दोन आकड्यांमधील अंतर नजरेआड करता येत नाही. या अन्यायाबद्दलचे दावे पुढे माओरींच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैतांगी लवादापुढे गेले आणि रंगिताने जमातीच्या दाव्यांचा निवाडा पामरस्टन नॉर्थकडच्या भागात २०१६ च्या, तर डॅनेवर्ककडच्या भागात २०१७ च्या कायद्याने झाला. ‘उद्या माझी जमीन परत घेतील का?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. अशा निवाड्यांत भरपाई सरकारी जमिनीतून आणि पैशातून दिली जाते, खासगी मालकाची जमीन काढून घेतली जात नाही. मात्र पूर्वी सरकारी उद्योगाच्या ताब्यात असलेल्या काही जमिनींच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदपत्रावर, ‘२७ ब’ कलमाची नोंद असू शकते; अशी जमीन लवादाच्या शिफारशीवरून परत घेतली जाऊ शकते. ती दिसल्यास सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावी.

विक्रीसाठी जमिनीचे मुख्यतः तीन वर्ग केले जात: गावठाणातील, गावालगतची आणि ग्रामीण. गावठाणातील भूखंड साधारणपणे किमान बोली ठरवून लिलावाने विकले जात, तर ग्रामीण तुकड्यांना एकरी दर ठरलेला असे. गावठाणाच्या भूखंडाची किंमत तो कोठे आहे यावर ठरे, कारण चौकाजवळचा कोपरा आज ओसाड असला तरी उद्या तेथे दुकान होणार असे गृहीत धरलेले असे. ग्रामीण तुकड्याची किंमत मात्र त्यावर किती श्रम करावे लागतील आणि त्यातून काय निघेल, यावर ठरत असे. पामरस्टन नॉर्थची आखणी १८६६ मध्ये पापाइओएआ नावाच्या, जंगलातील एका मोकळ्या जागेत झाली आणि मधोमध १७ एकरांचा चौक सोडला गेला. भोवती झाडेच होती, माणसे थोडी होती, पण चौक पुढच्या शतकाच्या मापाचा होता. पुढे त्या चौकातूनच रेल्वे गेली आणि १९६० च्या दशकापर्यंत गाड्या शहराच्या मध्यातून धावत राहिल्या. ‘चौकासमोरची जागा’ या शब्दांना तेथे अजून भाव आहे.

फील्डिंगची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेथे विकणारी एक इंग्लिश कंपनी होती. ड्यूक ऑफ मँचेस्टर ज्या वसाहत-साहाय्य मंडळाचे अध्यक्ष होते, त्या मंडळासाठी कर्नल विल्यम फील्डिंग यांनी १,०६,००० एकरांचा एकच पट्टा घेतला. ठरलेल्या मुदतीत २,००० वसाहतवाले आणून बसवण्याची अट त्यासोबत होती. पहिली कुटुंबे जानेवारी १८७४ मध्ये पोचली. घाऊक भावात घेऊन किरकोळीने विकणे हे गणित होते. पण माणसे आणल्याशिवाय जमिनीला भाव येत नाही आणि रस्ता झाल्याशिवाय माणसे टिकत नाहीत, म्हणून भूखंड विकणाऱ्या मंडळाला घरे, रस्ते आणि रोजगार यांचीही जबाबदारी घ्यावी लागली. (फील्डिंग हे नाव इंग्रजीत लिहिताना ‘ई’ आधी आणि ‘आय’ नंतर येते. अर्जात हे उलटे लिहिणारे ग्राहक आमच्याकडे दर महिन्याला असतात.)

सेव्हन्टी माइल बुशमध्ये गिऱ्हाईक श्रीमंत नव्हते. न्यूझीलंडचे तत्कालीन नेते ज्युलियस व्होगेल यांच्या सार्वजनिक बांधकाम योजनेखाली १८७२ मध्ये नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडनमधील कुटुंबे नेपियर बंदरावर उतरली आणि नॉर्सवुड व डॅनेवर्क येथे वसवली गेली. कुटुंबाला साधारण चाळीस एकरांचा तुकडा हप्त्यांवर मिळे आणि हप्ता भरता यावा म्हणून सरकारी रस्त्यावर मजुरी दिली जाई. जो रस्ता बांधायचा त्याच्यामुळेच आपल्या जमिनीला किंमत येणार, हे त्या माणसांना ठाऊक होते. तरीही चिखलात खोदकाम करून घरी येऊन पुन्हा झाड तोडायचे, हा दिनक्रम कागदावर दिसतो तितका सोपा नव्हता.

या जमिनीचे पहिले पीक लाकूड होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. टोटारा या झाडाचे लाकूड सहज कुजत नाही म्हणून ते रेल्वेचे स्लीपर, कुंपणाचे खांब आणि घराच्या पायाचे ठोकळे यांसाठी जाई. रिमू घराच्या सांगाड्यासाठी आणि फळ्यांसाठी जाई, माताई खोल्यांच्या जमिनीवर बसवायच्या फळ्यांसाठी जाई, आणि काहिकाटेआला वास नसल्याने त्याच्या लोण्याच्या पेट्या होत. डॅनेवर्कला तर ‘स्लीपर टाउन’ असे टोपणनावच पडले. रेल्वे १८८४ मध्ये तेथवर पोचली आणि १८९१ मध्ये मानवतू घळीतून पामरस्टन नॉर्थशी जोडली गेली. लाकूड कापण्याच्या गिरणीचा मालक शेतकऱ्याकडून उभ्या झाडांचा हक्क विकत घेई, जमीन शेतकऱ्याचीच राही, आणि त्या पैशातून जमिनीचे हप्ते फिटत. जे लाकूड विकण्याजोगे नव्हते, ते हिवाळ्यात पाडून उन्हाळ्याच्या शेवटी पेटवून देत आणि राखेत गवताचे बी पेरत. वारा फिरला की ही आग हाताबाहेर जाई. मार्च १८८८ मध्ये नॉर्सवुड गावाचा मोठा भाग वणव्यात जळाला. बुंधे मात्र पुष्कळ वर्षे जमिनीत राहत आणि गाई त्यांच्यामधून चरत. लाकूड संपले तेव्हा दूध आणि मेंढ्या यांवर गावे तगली. ज्या गावांच्या मागे चांगले गवत उगवले नाही, तेथील गावठाणाचे भूखंड कागदावरच राहिले.

आता मापांकडे वळू, कारण येथे मराठी ग्राहकाला एक सोय आहे. जुने नकाशे साखळीत मोजलेले असतात. ६६ फुटांची एक साखळी म्हणजे १०० कड्या, आणि आजच्या मापाने २०.१२ मीटर. एक साखळी रुंद आणि अडीच साखळ्या खोल असा भूखंड बरोबर पाव एकराचा होतो, म्हणजे १,०१२ चौरस मीटर. आपल्याकडचा गुंठा ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे त्याच साखळीच्या अर्ध्याचा चौरस असतो. म्हणून न्यूझीलंडचा पाव एकराचा ‘सेक्शन’ म्हणजे नेमके दहा गुंठे. जुन्या टायटलवर ‘एकर, रूड, पर्च’ अशी तीन आकड्यांची ओळ असते: एकराचे चार रूड, रूडचे चाळीस पर्च. एक रूड म्हणजे दहा गुंठे आणि चार पर्च म्हणजे एक गुंठा, एवढे लक्षात ठेवले तर कोष्टक लागत नाही. कोल्हापूरहून आलेल्या एका आजोबांनी ‘० : १ : ०’ हा आकडा पाहून मनात हिशेब केला आणि मुलाच्या मोबाइलआधी ‘दहा गुंठे’ म्हणून सांगितले.

मोजणी नकाशा आणि टायटल लँड इन्फर्मेशन न्यूझीलंड या सरकारी खात्याकडून थोड्या शुल्कात मिळतात. सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला येथे एक गोष्ट नवी वाटते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. न्यूझीलंडमध्ये १८७० च्या कायद्याने टॉरेन्स पद्धत आली. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये ती सुरू केली होती. या पद्धतीत नोंदवहीत ज्याचे नाव तोच मालक, आणि तिच्यामागे सरकारची हमी. डॅनेवर्ककडच्या जमिनी सरकारने त्यानंतर दिल्या असल्याने त्या बहुतांशी आरंभापासून याच पद्धतीत आहेत. त्याआधी विकल्या गेलेल्या जुन्या गावांतील काही जमिनी खरेदीखतांच्या पद्धतीतून १९२४ च्या कायद्याने नोंदवहीत आणल्या गेल्या, आणि त्यांपैकी काहींच्या टायटलवर ‘हद्दींपुरते मर्यादित’ अशा अर्थाचा शेरा आढळतो. याचा अर्थ मालकी मान्य, पण हद्दींची हमी नाही. असा शेरा असेल तर परवानाधारक मोजणीदाराची फी वाचवू नये.

दुसरी अडचण कागदी रस्त्यांची. जमिनीचे तुकडे पाडताना प्रत्येक तुकड्याला वाट हवी, म्हणून आखणी करणाऱ्यांनी नकाशावर सरळ रेषेत रस्ते सोडले. मधे घळ आहे की कडा आहे, हे पुष्कळदा नंतर कळले. ते रस्ते बांधले गेले नाहीत, पण कायद्याने ते सार्वजनिक रस्तेच राहिले. आमच्या एका ग्राहकाने फील्डिंगबाहेर बारा एकर घेतले आणि मागच्या बाजूला मेंढ्यांसाठी शेड घालण्याचे ठरवले. नकाशात तेथे एक साखळी रुंदीचा पट्टा मोकळा होता. जमिनीवर मात्र सलग गवत होते आणि जुन्या टोटाराच्या राखाडी खांबांचे कुंपण त्या पट्ट्याच्या आरपार गेलेले होते. कुऱ्हाडीने फोडलेले ते खांब आजही घट्ट उभे आहेत, पण ते हद्दीवर नाहीत. नकाशा शेडच्या आधी पाहिल्यामुळे नुकसान टळले. वापरात नसल्याने असा रस्ता आपोआप मालकाचा होत नाही. तो बंद करण्याची कायदेशीर प्रक्रिया वेगळी आहे आणि तिला वेळ लागतो. उलट, प्रत्येक नदीकाठी जनतेसाठी साखळीभर पट्टा राखलेलाच असतो, ही समजूतही चुकीची आहे. काही ठिकाणी तो आहे, काही ठिकाणी नाही. नकाशात पाहूनच सांगता येते.

महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असण्याचा दाखला लागतो, तसा येथे लागत नाही. पण जी व्यक्ती नागरिक नाही आणि कायद्याच्या व्याख्येनुसार येथील रहिवासीही ठरत नाही, तिला पाच हेक्टरांहून अधिक ग्रामीण जमिनीसाठी परदेशी गुंतवणुकीची संमती घ्यावी लागते, आणि राहत्या घरांच्या खरेदीवर २०१८ पासून कडक निर्बंध आहेत. जुना चाळीस एकरांचा तुकडा सुमारे १६ हेक्टरांचा होतो, म्हणजे तो या मर्यादेच्या बराच वर जातो. व्हिसाचा प्रकार सौद्याआधी वकिलाला सांगावा. जमिनीचा वापर कशासाठी करता येईल, पूर किंवा घसरण यांच्या नोंदी आहेत का, हे टायटलवर नसते. त्यासाठी स्थानिक कौन्सिलकडून लिम अहवाल घ्यावा लागतो. तो दहा कामकाजाच्या दिवसांत मिळतो, म्हणून खरेदीच्या करारात तेवढी मुदत ठेवावी.

आमच्याकडे येताना मालमत्तेचा पत्ता आणि शक्य असल्यास टायटलचा क्रमांक आणावा. जागेवर जाऊन आला असाल तर कुंपणाचे, फाटकाचे आणि मागच्या हद्दीचे फोटो आणावेत. स्वयंपाकघराचे नसले तरी चालतील.