कारखान्याच्या फाटकाशी थांबलेला कायदा

कामगाराच्या जिवाची कायदेशीर काळजी सुरू झाली ती गिरण्यांपासून. १८३३ च्या ब्रिटिश फॅक्टरी कायद्याने चार निरीक्षक नेमले आणि त्यांना थेट गिरणीत शिरण्याचा अधिकार दिला. शेतावर असा निरीक्षक जाणार कुठे? तिथे मालक स्वतःच राबतो, बायकापोरं त्याच्या जोडीला, आणि घर कुठे संपतं नि कामाची जागा कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. मासेमारी बोटीवर पगाराऐवजी मासळीतला वाटा. मग खलाशी कामगार की भागीदार, हाच घोळ. या दोन्ही धंद्यांना सूट मिळत गेली. ती देणं सरकारांनाही सोयीचंच होतं म्हणा.

शेतीत आधी लक्ष गेलं मळणी यंत्राकडे. वर उभं राहून पेंढ्या सोडायच्या, खाली ड्रम गरगरतोय. पाय घसरला की संपलं. १८७८ मध्ये ब्रिटनने ड्रम आणि पेंढी घालायचं तोंड झाकणं सक्तीचं केलं. पुढे ट्रॅक्टर आला तो मरणाची नवी तऱ्हा घेऊन. मागची चाकं रुतली आणि चालकाने जोर दिला, तर पुढचा भाग उचलला जातो नि ट्रॅक्टर मागे उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ‘जपून चालवा’ या सल्ल्याचा इथे काय उपयोग? स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर चालकाभोवती भक्कम सांगाडा सक्तीचा केला, आणि उलटून होणारे मृत्यू घटत गेले. जुने ट्रॅक्टर मात्र बिनसांगाड्याचेच फिरत राहिले. ट्रॅक्टर दशकानुदशकं टिकतो, हा त्याचा गुणच इथे आडवा आला.

समुद्रावरची गोष्ट जास्त कडू आहे. जहाजात किती माल भरावा हे ठरवणारा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार मासेमारी नौकांना लागूच नव्हता. १९६८ च्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या हल बंदराचे तीन ट्रॉलर काही आठवड्यांत बुडाले; ५८ माणसं गेली. त्यातल्या ‘सेंट रोमॅनस’वर रेडिओ ऑपरेटरच नव्हता. दोन आठवडे तिचा आवाज नव्हता, तरी शोध सुरू झाला नव्हता. ‘रॉस क्लीव्हलँड’वर उडणारं पाणी डोलकाठीवर नि दोरखंडांवर गोठत गेलं, वरचं वजन वाढून बोट कलंडली. मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या लिलियन बिलोका आणि खलाशांच्या बायका मग रस्त्यावर उतरल्या. दहा हजारांच्या घरात सह्या जमवून त्या लंडनला मंत्र्यांपुढे गेल्या. प्रत्येक ट्रॉलरवर रेडिओ ऑपरेटर हवा, ही त्यांची मुख्य मागणी. मागण्या मान्य झाल्या. बिलोकांची नोकरी मात्र गेली.

मोठ्या करारांची चाल याहून मंद. मासेमारी नौकांच्या सुरक्षिततेचा १९७७ चा टोरेमोलिनोस करार कधी अमलातच आला नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शेतीसाठी २००१ मध्ये आणि मासेमारीसाठी २००७ मध्ये करार केले. त्यातला दुसरा लागू व्हायला २०१७ उजाडलं. आणि अमेरिकेत दहा किंवा त्याहून कमी मजूर असलेल्या बहुतेक शेतांवर कामगार सुरक्षा कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारी पैसा खर्च करायचा नाही, ही १९७६ सालची अट तिथली संसद दर अर्थसंकल्पात नव्याने घालते.