रॉक बँडचा उत्तरकाळ

कारकिर्दीच्या ज्या टप्प्यात एखाद्या रॉक बँडची ओळख, उत्पन्न आणि प्रतिष्ठा नव्या रचनांपेक्षा जुन्या रचनांवर अधिक अवलंबून राहू लागते, त्या टप्प्यास त्या बँडचा उत्तरकाळ म्हणता येईल. सभासदांचे वाढते वय हे त्याचे ठळक लक्षण असले, तरी तेच त्याचे कारण असते असे नाही. काही बँडच्या बाबतीत हा टप्पा सभासद तिशीत असतानाच सुरू झाला, तर काहींच्या बाबतीत बँड विसर्जित झाल्यानंतर. या काळात बँडची सार्वजनिक प्रतिमा पालटते आणि पालटलेल्या प्रतिमेच्या प्रकाशात त्याची आरंभीची कामगिरीही नव्याने जोखली जाते. त्यामुळे बँडचा वारसा हा मागे उरलेल्या ध्वनिमुद्रणांचा साठा एवढाच नसतो. रेकॉर्ड कंपन्या, न्यायालये, समीक्षक, संग्रहालये, वारसदार आणि श्रोत्यांच्या नव्या पिढ्या तो पुनःपुन्हा घडवीत असतात.

या विषयाला विशेष महत्त्व येण्याचे कारण रॉकच्या आरंभीच्या भूमिकेत आहे. रॉकमधील बंडखोरी वयाशी बांधलेली होती. द हू या ब्रिटिश बँडच्या १९६५ मधील एका प्रसिद्ध गाण्यात म्हातारपण येण्याआधी मरण यावे, अशी इच्छा व्यक्त झाली आहे. ते लिहिणारे पीट टाउनझेंड आणि गाणारे रॉजर डाल्ट्री हे दोघेही वयाच्या सत्तरीतही ते गाणे रंगमंचावर सादर करीत होते. जॅझ किंवा ब्लूज या प्रकारांत वृद्ध कलावंताला परंपरेने आदराचे स्थान होते. रॉक बँडला ते स्वतःच मिळवावे लागले.

कालनिर्णय : उत्तरकाळ ही रॉकमधील ओळखीची अवस्था नेमकी केव्हापासून झाली, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिचा आरंभ १९६९ ते १९७२ च्या दरम्यानच्या पुनरुज्जीवन-मैफलींत शोधावा लागतो. न्यूयॉर्क येथे रिचर्ड नेडर यांनी ऑक्टोबर १९६९ पासून १९५० च्या दशकातील रॉक अँड रोल गायकांचे कार्यक्रम भरविण्यास सुरुवात केली, तर ५ ऑगस्ट १९७२ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर चक बेरी, लिटल रिचर्ड, जेरी ली लुईस आणि बिल हेली हे एकाच दिवशी रंगमंचावर आले. ऑक्टोबर १९७१ मध्ये नेडर यांच्याच एका कार्यक्रमात रिक नेल्सन यांनी बदललेल्या वेशात नवी गाणी म्हटली, तेव्हा प्रेक्षकांतून निषेधाचे आवाज उठले. जुन्या कलावंताकडून श्रोत्यांना जुनेच हवे असते, याचा हा बहुधा पहिला ठळक दाखला होय. तथापि हे बहुतेक एकल गायक होते आणि त्यांची लोकप्रियता त्यापूर्वीच ओसरलेली होती, हा आक्षेप दुर्लक्षिता येत नाही.

दुसऱ्या मतानुसार १९८९ हे वर्ष निर्णायक आहे. त्या वर्षी द रोलिंग स्टोन्स या बँडने सात वर्षांच्या खंडानंतर उत्तर अमेरिकेचा दौरा केला. कॅनडातील आयोजक मायकेल कोल यांनी त्या दौऱ्याचे तिकीटविक्री, प्रायोजकत्व, वस्तुविक्री आणि प्रक्षेपण असे सर्व हक्क एकत्रित स्वरूपात घेतले आणि बँडला आगाऊ रकमेची हमी दिली. त्याच वर्षी द हू यांनीही आपल्या स्थापनेच्या पंचविशीनिमित्त दौरा काढला. मोठ्या दौऱ्यांचे आजचे अर्थकारण या व्यवस्थेतून उभे राहिले, हे मान्य करावे लागते. मात्र अर्थकारणाचा आरंभ आणि प्रतिमेतील बदलाचा आरंभ यांची येथे सरमिसळ होते.

या दोहोंच्या मधली १९७४ च्या सुमाराची तारीख अधिक ग्राह्य वाटते. द बीच बॉइज या कॅलिफोर्नियातील बँडने १९६९ मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीशी संबंध संपविले होते आणि नंतरची त्यांची ध्वनिमुद्रणे गंभीर व प्रयोगशील होती. जून १९७४ मध्ये कॅपिटॉलने त्यांच्या १९६६ पूर्वीच्या गाण्यांचा दुहेरी संग्रह बाजारात आणला आणि तो अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. सभासद तेव्हा तिशीच्या आसपास होते, बँड सक्रिय होता आणि नवी गाणी होत होती. तरीही पुढील कार्यक्रमांत जुन्या गाण्यांचे पारडे झपाट्याने जड झाले. सक्रिय बँडचे वर्तमान त्याच्याच भूतकाळाने झाकले जाण्याची प्रक्रिया येथे प्रथमच स्पष्ट दिसते आणि तिला चालना देणारी होती ती बँडने सोडून दिलेली रेकॉर्ड कंपनी. याच बँडची प्रतिमा पुढे किती बदलली, हे १९८३ मधील घटनेवरून कळते. अमेरिकेचे अंतर्गत खात्याचे (सार्वजनिक जमिनी व उद्याने सांभाळणाऱ्या खात्याचे) मंत्री जेम्स वॅट यांनी वॉशिंग्टन येथील स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यातून रॉक बँडना वगळले. अशा कार्यक्रमांना नको ते लोक येतात, असे त्यांचे म्हणणे होते. बीच बॉइजनी तेथे पूर्वी कार्यक्रम केले असल्याने हा शेरा त्यांच्यावरच आल्याचे मानले गेले, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिले ते खुद्द व्हाइट हाउस. अध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी आपण या बँडच्या चाहत्या असल्याचे सांगितले.

प्रतिष्ठेकडे वाटचाल : रोलिंग स्टोन्सचे व्यवस्थापक अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांनी १९६३–६४ पासूनच या बँडची प्रतिमा बीटल्सच्या विरुद्ध, पालकांना धास्ती वाटेल अशी घडविली होती. फेब्रुवारी १९६७ मध्ये बँडचे गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांच्या घरावर अमली पदार्थांसाठी छापा पडला आणि जूनमध्ये गायक मिक जॅगर व रिचर्ड्स या दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. त्या शिक्षेवर टीका करणारा अग्रलेख १ जुलै १९६७ रोजी लिहिला, तो लंडनच्या टाइम्स या प्रस्थापित दैनिकाच्या संपादकांनी, म्हणजे विल्यम रीस-मॉग यांनी. अपिलात दोघांचाही तुरुंगवास टळला. डिसेंबर २००३ मध्ये जॅगर यांनी युवराज चार्ल्स यांच्या हस्ते ‘सर’ हा किताब स्वीकारला आणि रिचर्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. प्रस्थापितांनी बंडखोरांना पचवून टाकले, असा या वाटचालीचा अर्थ अनेकांनी लावला आहे. १९६७ चा अग्रलेख पाहता हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. अँडी बेनेट यांच्यासारख्या समाजशास्त्रज्ञांनी वयस्क होत जाणाऱ्या श्रोतृवर्गाकडे लक्ष वेधले आहे: तरुणपणी ऐकलेले संगीत हा वर्ग मागे टाकत नाही, तर आपल्या बदलत्या आयुष्याच्या संदर्भात त्याला नवा अर्थ देतो. हाच वर्ग पुढे संपादकमंडळांत, विद्यापीठांत आणि शासनात पोहोचला, हे ध्यानात घेतले म्हणजे बंडखोरांइतकीच प्रस्थापितांची घडणही बदलली, हे उमगते.

समीक्षकांच्या मतांतील पालटही याच संदर्भात पाहावा लागतो. लेड झेपेलिनच्या १९६९ मधील पहिल्या दोन अल्बमांचे रोलिंग स्टोन या नियतकालिकाने थंडे, काही ठिकाणी उपहासाने स्वागत केले होते. डिसेंबर २०१२ मध्ये त्याच बँडच्या हयात सभासदांना वॉशिंग्टन येथे केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथची कहाणी अधिक बोलकी आहे. १९७० मध्ये त्यांच्या संगीतास बोजड आणि बाळबोध ठरविण्यात आले, परंतु हेवी मेटल या संपूर्ण प्रकाराचा उगम पुढे त्यांच्यातच शोधला जाऊ लागला. येथे मूल्यमापन बदलले ते समीक्षकांचे मन वळले म्हणून नव्हे, तर नंतरच्या वाद्यकारांनी आपली वंशावळ या बँडपाशी नेली म्हणून. द व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा १९६७ मधील पहिला अल्बम फारसा विकला गेला नाही. त्याची आजची प्रतिष्ठाही अशीच अनुयायांनी मिळवून दिलेली आहे.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन संस्थेने या पुनर्मूल्यमापनाला औपचारिक रूप दिले. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या प्रसिद्धीनंतर २५ वर्षांनी कलावंत निवडीस पात्र होतो. पहिली निवड १९८६ मध्ये झाली आणि क्लीव्हलंड येथील संग्रहालय १९९५ मध्ये खुले झाले. ब्लॅक सॅबथला पात्र झाल्यावरही २००६ पर्यंत वाट पाहावी लागली. त्याच वर्षी सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश बँडची निवड झाली, मात्र त्यांनी हस्तलिखित पत्र पाठवून समारंभाला येण्याचे नाकारले.

नावावरील हक्क : बँडच्या वारशाचा सर्वांत गुंतागुंतीचा आणि सामान्य वर्णनांत सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे त्याच्या नावाची मालकी. सभासद बदलतात, दुरावतात, मरण पावतात. नाव मात्र व्यापारचिन्ह म्हणून टिकते आणि ते कोणाकडे आहे यावर पुढील पिढीसमोर कोणता बँड उभा राहणार हे ठरते. १९७४ च्या आरंभी फ्लीटवुड मॅकच्या व्यवस्थापकाने नाव आपल्या मालकीचे असल्याचा दावा करून त्या नावाने सर्वस्वी वेगळ्या वादकांचा संच अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठविला. मूळ बँडला न्यायालयात जावे लागले. १९७६ मध्ये विसर्जित झालेल्या डीप पर्पलच्या नावाने १९८० मध्ये असेच कार्यक्रम झाले. त्यात मूळ संचातील एकच सभासद, म्हणजे पहिले गायक रॉड इव्हान्स, होते. न्यायालयाने साडेसहा लाखांहून अधिक डॉलरची भरपाई ठरविली.

पिंक फ्लॉइडच्या वादाचे स्वरूप निराळे होते. १९८५ मध्ये बाहेर पडलेले रॉजर वॉटर्स यांचे म्हणणे असे, की आपल्याविना हा बँड सर्जनशील अर्थाने संपला असून त्याचे नाव वापरले जाऊ नये. डिसेंबर १९८७ मधील तडजोडीनुसार नाव उरलेले सभासद डेव्हिड गिल्मर व निक मेसन यांच्याकडे राहिले आणि वॉटर्स यांना ‘द वॉल’ या रचनेसंबंधीचे हक्क मिळाले. २०२४ मध्ये या बँडच्या ध्वनिमुद्रणांचे तसेच नाव व प्रतिमा यांचे हक्क सोनी म्युझिक कंपनीने सुमारे ४० कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. बीच बॉइजचे नाव ब्रदर रेकॉर्ड्स या सभासदांच्याच कंपनीकडे आहे. १९९८ मध्ये सभासद कार्ल विल्सन यांच्या निधनानंतर दौऱ्यांसाठी ते वापरण्याचा परवाना दुसरे सभासद माइक लव्ह यांना मिळाला आणि बँडशी आरंभापासून निगडित असलेल्या ॲल जार्डीन यांना त्याच्याशी मिळतेजुळते नाव वापरण्यास न्यायालयाने मनाई केली. कायद्याच्या दृष्टीने निर्णय सुसंगत आहे. श्रोत्यांच्या स्मृतीतील बँड आणि कायद्यातील बँड या दोन भिन्न वस्तू आहेत, हे त्यातून सिद्ध होते.

अप्रकाशित ध्वनिमुद्रणे बाहेर येण्यामागेही पुष्कळदा कायदाच असतो. युरोपीय संघाच्या २०११ मधील निर्देशाने प्रकाशित ध्वनिमुद्रणांचे संरक्षण ५० वरून ७० वर्षांवर नेले, परंतु ५० वर्षांत प्रकाशात न आलेल्या ध्वनिमुद्रणांना ही वाढ लागू होत नाही. परिणामी डिसेंबर २०१३ मध्ये बीटल्स आणि बीच बॉइज या दोघांचीही १९६३ मधील अप्रकाशित ध्वनिमुद्रणे फारशी जाहिरात न करता विक्रीस आली. प्रयत्नावस्थेतील या गाण्यांमुळे अभ्यासकांपुढील चित्र बदलले, याचे श्रेय कलात्मक निर्णयाइतकेच या कलमाला द्यावे लागते.

मृत्यू, निरोप आणि पुनर्मीलन : सभासदाच्या मृत्यूनंतर बँडने काय करावे, याबाबत कोणताही संकेत रूढ झालेला नाही. ड्रमवादक जॉन बॉनम यांच्या सप्टेंबर १९८० मधील मृत्यूनंतर लेड झेपेलिनने डिसेंबरात बँड थांबविला. उलट त्याच वर्षी फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट यांना गमावलेल्या एसी/डीसीने काही महिन्यांतच नव्या गायकासह अल्बम काढला आणि तो त्यांचा सर्वाधिक खपाचा ठरला. न थांबता चालत राहण्याने आदर वाढतो आणि थांबण्याने गूढता वाढते, असे स्थूलमानाने म्हणता येते. १० डिसेंबर २००७ रोजी लंडन येथे लेड झेपेलिनने बॉनम यांचे पुत्र जेसन यांना सोबत घेऊन केलेल्या एकमेव कार्यक्रमाला मिळालेला प्रचंड प्रतिसाद हे त्या गूढतेचेच फळ होय.

क्वीनच्या बाबतीत स्मृतीने केलेली निवड विशेष लक्षणीय आहे. वर्णद्वेषी राजवटीवरील सांस्कृतिक बहिष्कार झुगारून या बँडने १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले आणि त्याबद्दल त्याच्यावर कठोर टीका झाली. १३ जुलै १९८५ रोजी दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या लाइव्ह एड या मैफलीतील सुमारे वीस मिनिटांच्या सादरीकरणाने ती टीका मागे पडली आणि नोव्हेंबर १९९१ मध्ये बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांच्या निधनानंतर ती जवळजवळ विस्मरणात गेली. २०१८ मधील चरित्रपटाने लाइव्ह एडला कथेचा कळस केले. त्यात मर्क्युरी यांना आपला आजार त्यापूर्वी कळल्याचे दाखविले आहे. निकटवर्तीयांच्या कथनानुसार मात्र निदान १९८७ च्या सुमारास झाले. नव्या श्रोत्यांपैकी अनेकांना या बँडचा परिचय चित्रपटातील क्रमानेच झालेला आहे, म्हणून ही तफावत नोंदविणे आवश्यक ठरते.

निरोपाचे दौरे क्वचितच अखेरचे ठरतात. द हू यांचा १९८२ मधील निरोप किंवा किस या बँडचा २००० मधील निरोप ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. ब्लॅक सॅबथनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये निरोप घेतला होता, परंतु ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळ चारही सभासद पुन्हा एकत्र आले. आजारपणामुळे बँडचे गायक ऑझी ऑस्बर्न यांनी आसनावर बसून गायन केले आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेस त्यांचे निधन झाले. वार्धक्य लपविण्याऐवजी ते प्रेक्षकांसमोर उघडपणे ठेवणारा हा प्रसंग रॉकच्या इतिहासात थोर म्हणावा असाच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये किसने अखेरच्या कार्यक्रमानंतर आपल्या संगणकीय प्रतिरूपांची घोषणा केली, तर त्याआधी नोव्हेंबरमध्ये जॉन लेनन यांच्या जुन्या घरगुती ध्वनिफितीतील आवाज यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने वेगळा काढून बीटल्सचे नवे गाणे प्रसिद्ध करण्यात आले.

इतर प्रदेश व स्त्रियांचे बँड : या विषयावरील लेखन बहुतांशी ब्रिटिश व अमेरिकन पुरुषांच्या बँडपुरते मर्यादित आहे. १९७० मध्ये मोठ्या कंपनीकडून पूर्ण लांबीचा अल्बम काढणाऱ्या फॅनी या स्त्रियांच्या बँडकडे विसर्जनानंतर अनेक दशके दुर्लक्ष झाले. प्राग येथील प्लॅस्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स या बँडच्या सभासदांना १९७६ मध्ये साम्यवादी राजवटीने अटक केली आणि त्या खटल्याच्या निषेधातून ‘सनद ७७’ ही नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. १९९७ मध्ये चळवळीच्या विसाव्या वर्षानिमित्त हा बँड पुन्हा एकत्र आला, तो राष्ट्राध्यक्ष व्हाक्लाव हावेल यांच्या सूचनेवरून.